उशाखालचा विळा

टेंभी गावच्या झुंबरबाईच्या माहेरी एक म्हैस होती. ती धामणगाव बढ्याच्या बाजारात उभी राहून सरकी खायची, तेव्हा तिचं शेपूट तिकडे नळगंगेच्या पाण्यावरच्या माशा हाकायचं. धार काढायला चार माणसं लागायची आणि दूध मोजायला पाचवा, तो मात्र पोहता येणारा. हे सगळं झुंबरबाईनंच सांगितलेलं. गावाला तिच्या गोष्टींची इतकी सवय झाली होती की ती "आज ऊन लय हाये" म्हणाली तरी माणसं एकदा वर बघून खात्री करून घेत.

घरात तिचं ऐकून घेणारं कोणी नव्हतं. म्हैस सुरू झाली की नवरा उकंडराव ओट्यावर जाऊन आडवा व्हायचा आणि मुलगा शेषराव बैलांकडे जायचा. मग सून आली, कोकिळा. आईवेगळी वाढलेली, कमी बोलणारी पोर. पहिल्याच आठवड्यात झुंबरबाईनं चुलीपुढं म्हैस काढली आणि शेपूट नदीपर्यंत पोचल्यावर सवयीनं थांबली. इथं ऐकणारा उठून जातो हे तिला ठाऊक होतं. कोकिळा उठली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि विचारलं, "मंग?"

त्या एका 'मंग'वर झुंबरबाईनं सुनेचे पुढचे सगळे गुन्हे आगाऊ माफ करून टाकले. त्या दिवसापासून म्हैस वाढतच गेली.

श्रावणात कोकिळेला मुलगा झाला. माहेरी आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच. तानुबाई सुईणीनं नाळ कापली आणि रीतीप्रमाणे बाळंतिणीच्या उशाखाली विळा ठेवला. बाळंतिणीच्या खोलीभोवती जे काही वाईट हिंडत असतं ते म्हणे लोखंडाला भितं, म्हणून आपल्याकडे बाळंतीण विळ्यावर डोकं ठेवून झोपते.

पण ती झोपली तर. कोकिळा झोपेना.

आधी कोणाला त्यात काही वाटलं नाही. पोर रडतं, आई जागते. ती उगाचच डोळ्याला पदर लावायची, त्यावरही तानुबाई म्हणाली, "होते असं. चार दिसात जाईन." ते गेलं नाही. पाचवी पुजली तेव्हापासून पोर गाढ झोपलं तरी कोकिळेचे डोळे टक्क उघडे. मग ती भिंतीशी बोलायला लागली. बोलता बोलता थांबून कान द्यायची, जणू भिंतीनं उत्तर दिलंय आणि ते तिला पटत नाहीये. मग एका दुपारी तिनं पोराला पदराखाली घ्यायचंच सोडलं. म्हणाली, "हे कोणाचं हाये?"

"कोणाचं म्हंजे?" ओट्यावरच्या उकंडरावाकडे बोट करून झुंबरबाई म्हणाली. "नाक पाह्य त्याचं. अख्खं तुह्या मामाजीचं हाये. एवढं नाक कोणी चोरून आणीन का?"

कोकिळेनं तोंड भिंतीकडे फिरवलं, आणि पोराला बोळ्यानं दूध पाजायची वेळ आली.

मग भगत आला. त्याच्याकडे दुखण्याचे प्रकार पुष्कळ होते, पण औषध एकच. तो म्हणाला, "लोखंड कमी पडून राह्यलं." विळ्याशेजारी अडकित्ता गेला. कोकिळा रात्रभर खोलीत येरझारा घालू लागली, तेव्हा कोयता गेला. ती पोराकडे बघून ओरडली, तेव्हा नांगराचा जुना फाळ गेला. शेवटी उशी इतकी उंच झाली की बाळंतीण निजली आहे की बसली आहे ते कळेना, आणि गावचा लोहार आपला धंदा कुठं गेला म्हणून दारावरून चकरा मारायला लागला.

उकंडरावानं एकच हुकूम काढला होता. "घरातली गोष्ट घरात राह्यली पाह्यजे. सून पागल झाली असं एकानं जरी ऐकलं, तर ह्या घरात पुन्हा सोयरीक घेऊन कुत्रं येणार नाही." झुंबरबाईला ते पटलं. आयुष्यभर सगळं सांगत सुटलेली बाई एवढ्यावर मात्र तोंड मिटून बसली.

आणि मग ती सकाळ आली.

झुंबरबाई खोलीत गेली, तर कोकिळा केस विंचरून बसलेली, लुगडं नीट नेसलेलं. येरझारा नाहीत, भिंतीशी भांडण नाही. ती शांत आवाजात म्हणाली, "आत्याबाई, उशाखालचा विळा बोथट झाला. त्याले धार लावून देता का?"

झुंबरबाईला वाटलं, भगताच्या पायावर नारळांची गाडी रिकामी करावी. सुनेला रीतभात आठवली! तिनं परसातल्या दगडावर पाणी शिंपडून स्वतःच्या हातानं विळ्याला धार लावली. धार अशी की वर माशी बसली तर दोन होऊन उडावी. विळा उशाखाली सरकवला, तानुबाईला खोलीत बसवलं आणि शेषरावाला दमणी जुंपायला सांगितली. बारसं करायचं होतं. पाळण्याची दोरी, खारीक, खोबरं, सगळंच आणायचं होतं.

धामणगावचा बाजार भरात होता. सरकारी दवाखान्यातला युसूफ डॉक्टर बाजाराच्या दिवशी रज्जाक शिंप्याच्या ओट्यावर येऊन बसे. उंच, किडकिडीत माणूस, सायकलवर यायचा. तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मोठं जे काही असेल ते नागपुरात होतं. डॉक्टरनं तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात काही वर्षं नोकरी केली होती. म्हणून गावंढळ माणसं त्याच्याकडून औषध घेत, पण त्याच्या डोळ्यात बघत नसत.

खोबरं घेऊन झुंबरबाई तिथं थांबली. डॉक्टर एका तापानं फणफणलेल्या पोराची छाती तपासत होता.

"डॉक्टरसाहेब, झोपेची एखादी पुडी द्या."

"कोणाले पाह्यजे, मावशी?"

"शेजारणीच्या सुनेले."

"शेजारीण नाही आली?"

"तिचे पाय धरले. म्हशीनं लाथ मारली." म्हैस सवयीनं आलीच.

डॉक्टर हसला. पोराच्या छातीवरची नळी त्यानं काढली नाही. "झोप नाही म्हंजे कशी? येते अन् मोडते, का येतच नाही?"

"येतच नाही. बाळंतीण हाये न."

आता डॉक्टरनं नळी काढली. "किती दिस झाले?"

"पाचवीपासून."

"रडते?"

"आधी रडे. आता नाही."

"एकटी बोलते? कोणी नसताना आवाज ऐकते?"

झुंबरबाई खोबऱ्याची वाटी उलटीसुलटी करू लागली. गर्दीत कोणी ओळखीचं आहे का ते तिनं पाहिलं. "शेजारीण म्हणते, बोलते थोडं भिंतीसंगं."

"पोराबद्दल काय म्हणते? मावशी, इकडे पाह्य. पोराबद्दल काय म्हणते?"

"म्हणते, माहं नाही." आणि घाईघाईनं ती पुढं म्हणाली, "पण आता बरी हाये! आजच्यानं एकदम बरी. शांत बसली, केस विंचरले. विळ्याले धार लावून मांगितली."

"कोणता विळा?"

"उशाखालचा. रीत हाये न आमच्यात."

डॉक्टर उभा राहिला. "धार लावून देली?"

"हो."

"कोणं?"

शेजारणीचं नाव घ्यायला झुंबरबाईनं तोंड उघडलं आणि तिला जन्मात पहिल्यांदा खोटं सुचलं नाही. "म्या," ती म्हणाली. "म्याच लावली. माहीच सून हाये."

बाजार चालूच होता. कोणीतरी कांद्याचा भाव करत होतं.

डॉक्टर खाली वाकून, फक्त तिलाच ऐकू जाईल असं बोलला. "ध्यान देऊन ऐक, मावशी. हे भूत नाही, आजार हाये. बाळंतपणानंतर रडू येणं, चिडचिड, ते लय बायांले होते, थोड्या दिसात जाते. ते नाही गेलं, जीव उदास राह्यला, तर दवाखान्यात यावं. पण हे त्याच्या पल्याडचं. हजारात एखादीले होते. झोप उडते, नसलेलं ऐकू येते, पोर आपलं वाटत नाही. हे दिसलं का उद्यावर टाकायचं नसते. अन् येवढी आग पेटल्यावर माणूस एकदम शांत झालं, तर म्हणू नये का बरं झालं. कधी कधी त्याच्या मनानं काहीतरी ठरवलेलं असते."

झुंबरबाईच्या हातातली वाटी खाली पडली.

"तू आताच्या आता निघ. ह्या पोराचा ताप उतरवून मी सायकलवर मागं येतोच. पोर तिच्यापासून काढून घे, लोखंड काढून घे, पण हिसकायचं नाही. ओरडायचं नाही. तुहं खोटं हाये असं तिले म्हणायचं नाही, भांडायचं नाही. अन् मावशी," त्यानं बोट उगारलं, "गोष्ट सांगायची नाही. तुह्या गोष्टी साऱ्या तालुक्याले ठाऊक हायेत. सटवाई माह्या सपनात आली होती असलं काही रचलं, तर तिचं मन ते खरं धरून त्यावर आणखी मजले चढवीन. ती काय म्हणते ते ऐकून घे. बस."

दमणीचे बैल त्या दिवशी जसे पळाले तसे पुन्हा कधी पळाले नाहीत. झुंबरबाईनं नंतर सांगितलं की सावली मागं राहिली होती आणि घरी पोचून बैल पाणी प्यायले तेव्हा कुठं ती दारात आली. पण त्या वाटेवर ती एक अक्षर बोलली नव्हती. शेषराव विचारत राहिला, "मा, काय झालं? सांग तर खरं!" तिच्या डोळ्यांपुढं फक्त परसातला तो दगड होता आणि त्यावरून खाली-वर जाणारा तिचाच हात.

ओट्यावर उकंडराव घोरत होता. तानुबाई चुलीपाशी शेगडीत निखारे भरत होती.

"तू इथी काऊन?" झुंबरबाईनं विचारलं.

"शेक पाह्यजे म्हणाली. मले म्हणे, जा, विस्तू घेऊन ये. अवो, किती मऊ बोलून राह्यली आज!"

खोलीचं दार आतून लावलेलं होतं.

शेषरावानं खांदा लावायला घेतला. झुंबरबाईनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं आणि उंबऱ्यापाशी जमिनीवर बसली. दार जुनं, खालून चांगलं चार बोटं झिजलेलं. त्या फटीतून तिला कोकिळेचे पाय दिसले. पायांशेजारी गोधडीचं टोक. आतून पोराचा आवाज येत नव्हता.

"कोकिळे."

तिनं तोंड फटीजवळ नेलं.

"कोकिळे, मी हाये."

"आत्याबाई, जा तुमी," आतून आवाज आला. शांत होता. सकाळसारखाच. "माहं काम हाये."

झुंबरबाईच्या जिभेवर गोष्टी अशा गोळा झाल्या जशा बाजाराच्या दिवशी वेशीवर गाड्या. सटवाई, स्वप्न, माहेरचा देव, म्हैस. एकेक गोष्ट अशी, की ऐकणारा दार उघडून बाहेर यावाच. तिनं दातांखाली जीभ धरली.

"हे पोरगं माहं नाही," कोकिळा म्हणाली. "पाचवीच्या दिशी सटवाई आली. माहं नेलं, हे ठेवलं."

झुंबरबाईनं श्वास घेतला आणि सोडला. मग तिच्या तोंडून तो शब्द निघाला, जो आजवर तिला फक्त दुसऱ्याकडून हवा असायचा.

"मंग?"

आतले पाय हलले. मग कोकिळा बोलू लागली. इतक्या दिवसांत तिला कोणी हे विचारलंच नव्हतं. सगळ्यांनी तिला नाक दाखवलं होतं, अंगारा लावला होता, लोखंड दिलं होतं. ती सांगत गेली: भिंतीतून बाया बोलतात, तिला हसतात. त्या म्हणतात, तुला पोर सांभाळता आलं नाही म्हणून बदलून नेलं. अन् हे पोर तोंड मिटून तिच्याशी बोलतं.

"काय म्हणते थे?"

"म्हणते, मले उघडून पाह्य. तुहं आतमधी हाये."

मागं शेषरावाच्या घशातून विचित्र आवाज आला. झुंबरबाईनं मागं न बघता हात हलवून त्याला गप्प केलं.

"मंग?"

"मंग म्या विळा मांगितला." कोकिळेचा आवाज आता सकाळसारखा राहिला नव्हता. कुठंतरी त्याला चीर गेली होती. "विळा हातात हाये, आत्याबाई. तानुबाई उठून गेल्यापासून हातातच हाये. ठेवता येत नाही."

"तुले भेव लागून राह्यलं का?"

"हो."

"पोराचं?"

"माह्या हाताचं," कोकिळा म्हणाली आणि रडायला लागली. तिच्यामागोमाग पोरही रडलं. तो रडण्याचा आवाज ऐकून झुंबरबाईनं उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

"मंग हाताले मोकळं कर," ती तशीच म्हणाली. "दाराखालून विळा माह्याकडे सरकव. मी धरून ठेवीन. तू नको धरू."

फटीतून विळ्याचं टोक बाहेर आलं. मग पातं, मग मूठ. झुंबरबाईनं तो मागं सरकवला.

"अजून काय हाये तुह्यापाशी?"

अडकित्ता आला. मग कोयता आला, फटीत अडकला, आतून एक धक्का बसला आणि बाहेर निघाला. मग काही येईना. झुंबरबाई आठवू लागली: आपण आणखी काय काय घातलं होतं त्या उशाखाली? मग तिला नांगराचा फाळ आठवला. फाळ त्या फटीतून यायचा नव्हता.

"कोकिळे, दार उघडतं का, माय?"

कडी वाजली. दारात कोकिळा उभी होती. डोळे लाल, गाल आत गेलेले, एका कडेवर पोर आणि दुसऱ्या हातात तो फाळ, लोंबकळत. झुंबरबाईनं उठण्याची घाई केली नाही. बसल्याबसल्या दोन्ही हात पुढं केले.

"दोन दोन वजनं काऊन उचलतं? एक मले दे. कोणतं थे तूच ठरव."

कोकिळेनं एकदा उजव्या हाताकडे पाहिलं, एकदा डाव्या. ओट्यावरचं घोरणंही थांबलं होतं. मग तिनं वाकून पोर सासूच्या ओच्यात ठेवलं आणि तिचा दुसरा हात आपोआप सुटला. फाळ सरळ झुंबरबाईच्या पायाच्या अंगठ्यावर पडला.

पुढं गावानं त्या काळ्यानिळ्या अंगठ्याची कारणं पुष्कळ ऐकली. त्यांत एक वाघही होता. पण त्या क्षणी, म्हैस नदीपर्यंत पोचवणारी ती बाई 'स्स' सुद्धा म्हणाली नाही. तिनं पोर तानुबाईकडे दिलं आणि कोकिळेला बसत्या जागी जवळ घेतलं.

डॉक्टर आला तेव्हा धुळीनं इतका माखला होता की उकंडरावाला आधी तो भगतच वाटला. त्यानं कोकिळेशी हळू आवाजात बोलून घेतलं आणि उग्र वासाचं औषध पाजलं. वास असा की ओट्यावरचं मांजर उठून शेजारी राहायला गेलं. थोड्या वेळानं कोकिळा झोपली, सासूच्या मांडीवर, उशीशिवाय.

"हे आजच्यापुरतं," डॉक्टर म्हणाला. "पहाटे निघा. मलकापुरावून आगगाडी धरा अन् नागपूर गाठा. मी तिथल्या डॉक्टरले लिहून देतो. घरचं कोणी तिच्यापाशी पाह्यजे. पोराले तोवर दुसरं दूध पाजा."

उकंडरावाचा चेहरा उतरला. "पागलखान्यात? माह्या घरची सून? लोकं काय म्हणतीन?"

"मोडला पाय घेऊन घरात बसता का हो तुमी, लोकं काय म्हणतीन म्हून?" डॉक्टर म्हणाला. "ह्या दुखण्यातून बहुतेक बाया नीट होतात, बाबा. वेळेवर नेल्या तर. नाही नेल्या तर काय होते, थे तुमाले आज दारातच दिसलं."

उकंडराव बायकोकडे वळला. झुंबरबाईच्या मांडीवर कोकिळेचं डोकं होतं, त्यामुळं तिला उठता येत नव्हतं.

"लोकाईले मी सांगीन," ती म्हणाली. "तुमी तिकिटाचं पाहा."

आणि तिनं सांगितलं. पाणवठ्यावर, पारावर, जो भेटेल त्याला खरं सांगितलं: सुनेला बाळंतपणातून मनाचा आजार झाला, नागपूरला दवाखान्यात नेलीय, शेषराव तिच्यापाशी आहे. गावानं नेहमीप्रमाणे एकदा वर आभाळाकडे पाहिलं आणि एकमेकांना डोळा मारला. कोकिळा आपल्या मावशीकडे हवापालटाला गेली असणार, असं सर्वांनी ठरवून टाकलं. पोराला गल्लीपलीकडची इमामबी अंगावर पाजायची, तिचं स्वतःचं पितं पोर होतंच. इमामबीनं मात्र झुंबरबाईवर विश्वास ठेवला. तिनं विचारलं, "झोप आती क्या उसको अब?" आणि झुंबरबाईला रडू कोसळलं.

ज्वारी पिवळी पडली तेव्हा कोकिळा परत आली. अंगावर थोडं मांस चढलेलं, बोलणं संथ. नागपूरच्या डॉक्टरनं शेषरावाला बजावून पाठवलं होतं की पुढच्या बाळंतपणात हे पुन्हा येऊ शकतं, तेव्हा आधीपासून मला दाखवा. पोरानं आईकडे आधी परक्यासारखं पाहिलं, मग तिच्या गळ्यातली पोत ओढली. तिनं ती त्याला ओढू दिली.

सोंगणीच्या पहिल्या सकाळी बाया अंगणात जमल्या. प्रत्येकीच्या हातात विळा. कोकिळेनं पदर खोचला, इकडं तिकडं पाहिलं आणि सासूला विचारलं, "आत्याबाई, माहा विळा कोठी हाये?"

उकंडराव ओट्यावर उठून बसला. तानुबाईनं पोराला उचलून कडेवर घेतलं, उगाचच. तो विळा कुठं आहे ते फक्त झुंबरबाईला ठाऊक होतं: धान्याच्या कणगीमागं, फडक्यात गुंडाळून, त्या दिवसापासून.

ती आत गेली. कणगीमागं हात घालून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली. काल रात्री सून किती झोपली ते तिनं मनाशी आठवलं: दिवा मालवल्यावर लगेच, सकाळी कोंबडा आरवेपर्यंत. पोरासाठी काल तिनं अंगडं शिवलं होतं, बाह्या थोड्या लांब ठेवल्या होत्या, वाढतं अंग म्हणून.

विळा गंजला होता. झुंबरबाई तो घेऊन बाहेर आली, परसातल्या दगडावर पाणी शिंपडलं आणि सगळ्यांसमोर धार लावली. मग मूठ पुढं करून सुनेच्या हातात दिला.

त्यांच्या शेताच्या धुऱ्यापर्यंतची वाट लांब होती. झुंबरबाईचा अंगठा अजून थोडा दुखायचा, म्हणून दोघी मागं राहिल्या. मग झुंबरबाईनं खाकरून घसा मोकळा केला.

"माह्या माहेरी एक म्हैस होती," ती म्हणाली आणि सवयीनं थांबली.

कोकिळेनं विळा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला.

"मंग?"